सहाबारी आणि काळी दारू

दारू या शब्दाशी आम्हा गोवेकरांचं नातं जरा अवघडच. बाहेरगावचा पाहुणा हा शब्द आमच्या तोंडून ऐकतो आणि गालात हसतो. पण आमच्या आजोबांच्या बोलण्यात या शब्दाचे दोन अर्थ शेजारी शेजारी सुखानं नांदत होते. एक दारू बाटलीतली, दुसरी नळीतली. जत्रेत रात्री आकाशात फुटते ती दुसरी. कुळागरात शिरलेल्या रानडुकरावर बार टाकायचा, तोही तिचाच. सोरा, कोळसा आणि गंधक या तीन वस्तूंची ही काळी भुकटी. शंभर भागांत साधारण ७५ भाग सोरा, १५ कोळसा आणि १० गंधक. एवढ्याशा कृतीनं कित्येक राज्यं उभी केली आणि तितकीच बुडवली.

आज लिहायचं आहे ते या दुसऱ्या दारूबद्दल, आणि तेही एका वेगळ्याच निमित्तानं. अमेरिकेत, इंग्लंडात, युरोपात हजारो माणसं आजही काळ्या दारूच्या जुन्या सहाबारी रिव्हॉल्वरनं कागदी लक्ष्यावर नेम धरायला शिकतात. दीडशे वर्षांपूर्वीचं हत्यार, दीडशे वर्षांपूर्वीच्याच पद्धतीनं ठासायचं आणि उडवायचं. सरकारी कचेरीत फायली हलवणाऱ्या, आणि कधीकाळी बी. ए. ला इतिहास घेतलेल्या माझ्यासारख्याला यात एवढा रस का? तर नवशिक्याला पहिल्या दिवसापासून जे नियम पाठ करायला लावतात, त्यातल्या जवळजवळ प्रत्येकामागे इतिहासातला एखादा अपघात किंवा एखादा शोध लपलेला आहे. पुस्तकातला इतिहास डोळ्यांनी वाचतात, हा हातांनी वाचायचा.

आधी थोडं या हत्याराविषयी. रिव्हॉल्वर म्हटलं की सॅम्युअल कोल्टचं नाव घ्यावंच लागतं. जन्म १८१४ चा, अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डचा. १८३० साली, सोळा वर्षांचा असताना हा पोरगा 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर चढला आणि बॉस्टनहून थेट आपल्या कलकत्त्याला आला. याच सफरीत त्यानं फिरत्या सिलिंडरचा लाकडी नमुना कोरला. जहाजाचं सुकाणूचाक फिरून ठरल्या जागी अडकतं, ते पाहून कल्पना सुचली असं तो पुढं सांगत असे. काही अभ्यासक म्हणतात की चकमकीच्या चापाची कोलियर नावाची फिरती बंदूक हिंदुस्थानातल्या इंग्रजांकडे होती, तीच त्यानं इथं पाहिली असावी. खरं काय ते कोल्टलाच ठाऊक. पण हे हत्यार जन्माला आलं ते हिंदुस्थानच्या वाटेवर, एवढं मात्र नक्की.

कोल्टच्या आधीही फिरत्या बंदुका झाल्या होत्या. त्या अडत होत्या ठिणगीपाशी. चकमक झाडून उघड्या कानात ठेवलेली दारू पेटवायची, हा प्रकार एका नळीला ठीक. सहा खणांना तो जमणार कसा? ही अडचण सोडवली एका पाद्र्यानं. अलेक्झांडर फोर्सिथ हा स्कॉटलंडमधला धर्मोपदेशक, पाखरांच्या शिकारीचा शौकीन. चकमकीचा भपका दिसला की गोळी पोचायच्या आत पाखरं उडून जात. म्हणून ठोका बसताच पेटणाऱ्या रसायनाचा त्यानं चापात उपयोग केला आणि १८०७ साली त्याचं पेटंट घेतलं. त्यातूनच पुढं तांब्याची इवलीशी टोपी आली. आमच्याकडची 'टोपीची बंदूक' ती हीच. पाखरांसाठी लागलेला शोध माणसांवर कसा उलटला, हे पुढच्या पन्नास वर्षांत जगानं पाहिलं.

कोल्टला अमेरिकेत पेटंट मिळालं २५ फेब्रुवारी १८३६ ला. पॅटर्सन गावातला त्याचा पहिला कारखाना १८४२ मध्ये बुडाला. मेक्सिकोशी युद्ध पेटलं आणि टेक्सासच्या सॅम्युअल वॉकरनं त्याला पुन्हा उभं केलं. १८४७ चं ते वॉकर रिव्हॉल्वर वजनाला दोन किलोंच्या घरात! त्यात दारू इतकी मावे, की काहींचे सिलिंडरच फुटले. त्यातून शहाणपण आलं, बार कमी झाला, वजन उतरलं, आणि १८५१ मध्ये 'नेव्ही' नावाचं .३६ इंची, हाताला सुरेख बसणारं रिव्हॉल्वर निघालं. त्याच्या सिलिंडरवर टेक्सास आणि मेक्सिको यांच्या १८४३ च्या आरमारी लढाईचं चित्र कोरलेलं असे. त्याच साली लंडनच्या महाप्रदर्शनात कोल्टनं दुकान मांडलं. पुढं १८५३ ते १८५६ या काळात थेम्सच्या काठी त्याचा कारखानाही चालला. तिथं त्याला रॉबर्ट ॲडम्स हा इंग्रज प्रतिस्पर्धी भेटला. १८५७ च्या उठावात हिंदुस्थानातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला या दोघांचीही रिव्हॉल्वरं होती.

मग हे हत्यार मागं पडलं कसं? सिलिंडरला आरपार भोक पाडून मागून तयार काडतूस भरायचं, या युक्तीचं पेटंट स्मिथ अँड वेसनच्या ताब्यात होतं. ते १८६९ मध्ये संपलं. १८७३ मध्ये खुद्द कोल्ट कंपनीनंच काडतुसांचं रिव्हॉल्वर बाजारात आणलं. १८८४ मध्ये पॉल व्हिएल या फ्रेंच रसायनतज्ज्ञानं बिनधुराची दारू केली आणि काळ्या दारूचं राज्य बुडालं. पंचवीस-तीस वर्षांत सगळा खेळ आटोपला!

पुनर्जन्म झाला तो हौशी मंडळींमुळे. अमेरिकेत ठासणीच्या बंदुकांची राष्ट्रीय संघटना १९३३ मध्ये स्थापन झाली, ब्रिटनमधली १९५२ मध्ये. अमेरिकन यादवी युद्धाची शताब्दी १९६१ ते १९६५ या काळात आली. त्या सुमारास जुनी रिव्हॉल्वरं महाग झाली, पण हौस वाढली. मग इटलीतल्या ब्रेशा भागातले पिढीजात बंदूककार पुढं सरसावले. आल्दो उबेर्तीनं १९५९ मध्ये कारखाना काढला आणि कोल्ट 'नेव्ही'च्या हुबेहूब प्रतिकृती अमेरिकेला जाऊ लागल्या. म्हणजे अमेरिकेचं हत्यार इटलीत घडवायचं आणि अमेरिकेलाच विकायचं. १९७१ मध्ये आंतरराष्ट्रीय समितीही झाली आणि जागतिक स्पर्धा सुरू झाल्या.

हौसेइतकाच हात कायद्याचाही आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यानं १८९८ पर्यंतची बंदूक, आणि तयार काडतूस न घेणारी तिची प्रतिकृती, 'पुरातन' ठरवली आणि नेहमीच्या निर्बंधांतून बाहेर ठेवली. राज्याराज्यांचे नियम वेगळे, ती गोष्ट निराळी. ब्रिटनची कथा अधिक दुःखाची. १३ मार्च १९९६ रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेन गावी एका माणसानं शाळेत शिरून सोळा मुलं आणि त्यांची शिक्षिका यांना गोळ्या घातल्या. देश हादरला. १९९७ मध्ये दोन कायदे झाले आणि जवळजवळ सगळी पिस्तुलं सामान्य माणसाच्या हातातून काढून घेण्यात आली. सूट मिळाली ती ठासणीच्या हत्यारांना, परवान्याच्या अटीवर. एकेक खण हातानं भरायला लागतो अशा रिव्हॉल्वरनं झपाट्यानं माणसं मारणं कठीण, हा त्यामागचा साधा हिशेब. गंमत पाहा, जे हत्यार १८५१ मध्ये आपल्या वेगासाठी जगभर गाजलं, ते १९९७ मध्ये आपल्या संथपणामुळे वाचलं.

माझा एक मावसभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. पोर्तुगीज पासपोर्टाच्या वाटेनं तिथं गेलेल्या हजारो गोवेकरांपैकी एक. गोदामात पाळीनं काम करतो. तिथल्या एका क्लबात तो ही नेमबाजी शिकू लागला आणि दर रविवारी फोनवर मला त्या दिवसाचा धडा सांगू लागला. मी स्वतः असं रिव्हॉल्वर कधी उडवलेलं नाही. पुढं जे सांगतो ते त्याचे धडे आणि माझं वाचन यांची सांगड आहे.

पहिले तीन महिने उमेदवारीचे. परवाना नाही, स्वतःचं हत्यार नाही, जुन्या सभासदाच्या नजरेखाली क्लबाचं हत्यार वापरायचं. हत्याराचा परवाना वेगळा आणि काळी दारू बाळगायचा दाखला वेगळा. दारू घरात ठेवायची ती ठरावीक लाकडी पेटीत. लोखंडाच्या कपाटात का नाही? तर उघड्यावरची काळी दारू भसकन जळून जाते, पण मजबूत लोखंडात कोंडली की तिचा बाँब होतो.

आता ठासणी. सुरुवात दारूनं होत नाही. रिकाम्या खणांवर आधी नुसत्या टोप्या फोडायच्या, म्हणजे टोपी जिच्यावर बसते त्या बोंडीतलं तेल जळून वाट मोकळी होते. मग घोडा अर्धा ओढायचा. अर्ध्यावर आला की सिलिंडर हातानं फिरतो. रिव्हॉल्वर उभं धरायचं, नळीचं तोंड वर आणि चेहऱ्यापासून लांब, आणि एकेका खणात मोजलेली दारू ओतायची. आणि दारू म्हणजे काळीच दारू, किंवा तिच्यासाठीच बनवलेला पर्याय. आजच्या काडतुसातली बिनधुराची दारू त्याच मापानं घातली तर दाब इतका वाढतो की सिलिंडर फुटून हात जातो. याला अपवाद नाही.

दारू ओतायची तीही मोठ्या डब्यातून थेट नाही. घरूनच एकेका बाराची दारू लहान लहान नळ्यांत भरून न्यायची. सिनेमात दिसते ती तांब्याची नक्षीदार कुपी स्पर्धेत चालत नाही. कारण आधीच्या बाराची एखादी ठिणगी खणात जिवंत राहिली असेल, तर एका बाराची दारू पेटली तर बोटं भाजतील, पण अख्खी कुपी पेटली तर हात उरणार नाही. हा नियम कुणी टेबलाशी बसून लिहिलेला नाही. कुणाच्या तरी हातांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

मापाचं एक सांगतो. बाराचं वजन ग्रेनमध्ये मोजतात. आपल्या तोळ्याचे ग्रेन १८०. .४४ च्या रिव्हॉल्वरला कागदावर नेम साधण्यासाठी १८-२० ग्रेन पुरतात, म्हणजे तोळाभर दारूत नऊ-दहा बार. सैनिक याहून बराच जास्त बार घालत. पण बार कमी केला की खणात वर मोकळी जागा राहते, आणि दारू व गोळी यांच्यामध्ये पोकळी राहता कामा नये. मग ती जागा भरायची कशानं? भावाचा त्या रविवारचा फोन मी विसरणार नाही. "दादा, हांगा बंदुकेंत रवो घालतात!" होय, आपण शिरा करतो तोच रवा. दारूवर मापानं रवा, रव्यावर गोळी. गोळी खणाच्या तोंडाशी बसते आणि नेम सुधारतो.

गोळी शुद्ध, मऊ शिशाची आणि खणाच्या तोंडापेक्षा केसभर मोठी. नळीखालचा दांडा ओढून ती दाबायची. ती आत जाताना तिच्या कडेची शिशाची बारीक चकती तासली जाऊन बाहेर पडते. ती चकती दिसली की शिकवणारा मान डोलावतो. ती पडली म्हणजे गोळीनं खण चहूबाजूंनी बंद केला. गोळी सैल असेल, किंवा मागं टोपी सैल बसली असेल, तर एका खणाची आग शेजारच्या खणात शिरते आणि नळीसमोर नसलेले बारही एकदम उडतात. याच भीतीपायी गोळीवर चरबीचा लेपही देतात. आता चरबी म्हटलं की आपल्याला १८५७ आठवल्याशिवाय कसं राहील? तिथं प्रश्न एन्फिल्ड रायफलीच्या काडतुसाचा होता, गाय आणि डुक्कर यांच्या चरबीचा, आणि त्यापायी साम्राज्य हादरलं. आजचे बरेच नेमबाज मेण आणि वनस्पती तेल यांचं मिश्रण वापरतात. एवढं साधं उत्तर त्या वेळी वेळेवर दिलं असतं तर? अर्थात, उठावाची कारणं चरबीपुरती नव्हती, हे इतिहासाचा विद्यार्थी जाणतोच.

टोप्या सगळ्यांत शेवटी, आणि त्याही लक्ष्याकडे तोंड करून उभं राहिल्यावरच. टोपी बसली की हत्यार जिवंत झालं. रिव्हॉल्वर कमरेला बाळगणारे जुने लोक सहापैकी पाचच खण भरत आणि घोडा रिकाम्या खणावर टेकवून ठेवत, म्हणजे धक्का लागून बार उडू नये. म्हणजे सहाबारी म्हणायची, पण व्यवहारात पाचबारी!

मग नेम. कोल्टच्या रिव्हॉल्वरला मागची माशी वेगळी नाही. घोडा पूर्ण ओढला की त्याच्या नाकावरची खाच हीच माशी. जवळच्या लक्ष्यावर हे रिव्हॉल्वर वर मारतं, म्हणून नवशिक्याला खाली नेम धरायला शिकवतात. रेमिंग्टनच्या रिव्हॉल्वरला सिलिंडरच्या वरून पोलादी पट्टी जाते, त्यामुळे सांगाडा घट्ट राहतो. नेमबाजांची पसंती पुष्कळदा त्याला. बार उडाला की पांढऱ्या धुराचा लोट उठतो आणि लक्ष्य दिसेनासं होतं. फुटलेल्या टोपीचा तुकडा घोड्याखाली पडून यंत्र अडकलं, तर नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबायचं.

आंतरराष्ट्रीय स्पर्धेत या रिव्हॉल्वरच्या प्रकाराला 'मारिएत' म्हणतात, एका बेल्जियन बंदूककाराच्या नावावरून. अंतर २५ मीटर, वेळ ३० मिनिटं, गोळ्या १३, त्यांतल्या चांगल्या १० धरायच्या. म्हणजे एका गोळीला दोन मिनिटांहून अधिक. मोजा, ओता, दाबा, लेप द्या, श्वास धरा. भाऊ म्हणतो, "दादा, आठवडाभर गोदामात घड्याळ माझ्या मागं लागलेलं असतं. इथं घाई केली की नेम चुकतोच. आठवड्यात तेवढीच दोन तास सावकाशी."

आणि शेवटी धुणं. काळी दारू जळते तेव्हा तिचा निम्म्याहून अधिक भाग धूर आणि काजळी होऊन मागं राहतो. ती काजळी हवेतली ओल ओढते आणि पोलाद खाते. म्हणून त्याच दिवशी रिव्हॉल्वर खोलून गरम पाणी आणि साबणानं धुवायचं, सुकवायचं, तेल लावायचं. कंटाळा केला तर सकाळपर्यंत गंज हजर.

आता एक प्रश्न. कोल्ट अमेरिकेचा, ॲडम्स इंग्लंडचा, प्रतिकृती इटलीची. पण खणात जी दारू पडत होती, तिच्यातला पाऊण हिस्सा सोरा यायचा कुठून? एकोणिसाव्या शतकात त्यातला फार मोठा वाटा यायचा आपल्या बिहारमधून. पाटणा, छपरा, तिरहुत या भागांत नोनिया जातीची माणसं गुरांच्या गोठ्यांजवळची, जुन्या वस्तीची पांढरी फुललेली माती खरवडत. ती पाण्यात विरघळवून गाळत, ते पाणी आटवत आणि सोऱ्याचे खडे काढत. १७५८ मध्ये क्लाइव्हनं या सोऱ्याचा मक्ता ईस्ट इंडिया कंपनीसाठी मिळवला. तेव्हापासून हिंदुस्थानच्या या मातीवर इंग्रजांची पकड बसली.

ती पकड केवढी होती, हे अमेरिकेला १८६१ मध्ये कळलं. यादवी युद्ध सुरू झालं होतं आणि उत्तरेकडे सोरा कमी होता. दारूच्या कारखान्यांतलं मोठं नाव द्यू पाँ. त्या घराण्यातला लामो द्यू पाँ गुपचूप लंडनला गेला आणि त्यानं दोन हजार टनांहून अधिक हिंदुस्थानी सोरा खरेदी केला. तेवढ्यात उत्तरेच्या आरमारानं 'ट्रेंट' हे इंग्रज जहाज अडवून दक्षिणेचे दोन वकील उतरवून घेतले. इंग्लंड खवळलं आणि सोऱ्याची निर्यात बंद झाली. वकिलांना सोडून दिल्यावरच, १८६२ च्या सुरुवातीला, तो सोरा अमेरिकेच्या वाटेला लागला. कोल्ट आणि रेमिंग्टन यांच्या खणांत जी दारू पडली, तिच्या मागं असा बिहारमधला मातीचा गोठा उभा आहे. या युद्धावर अमेरिकेत पुस्तकांची कपाटं भरली आहेत. नोनियाचं नाव त्यांत शोधावं लागतं.

आमच्या गोव्याचीही इथं एक जागा आहे. रायबंदरहून जुन्या गोव्याकडे जाताना पणेली लागतं. तिथं पोर्तुगिजांचा दारूचा कारखाना होता, 'काझा द पोल्व्हरा'. सतराव्या शतकाच्या अखेरीस जुन्या गोव्यातल्या रोगराईला कंटाळून व्हाइसरॉय याच कारखान्याच्या वाड्यात राहायला आले, ते १७५९ मध्ये पणजीला मुक्काम हलेपर्यंत. राज्यकर्त्याचं बिऱ्हाड दारूच्या कोठाराशेजारी! वसाहतीच्या राज्याचं याहून नेमकं चित्र मला दुसरं सुचत नाही.

आणि हत्याराचा हक्क? १८७८ च्या शस्त्र कायद्यानं ब्रिटिश हिंदुस्थानात परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा ठरलं आणि युरोपियनांना त्यातून मोकळीक मिळाली. सोरा काढणाऱ्यानं सोराच काढावा, बंदूक बाळगायची ती साहेबानं. स्वतंत्र भारताचा कायदा १९५९ चा. मुक्तीनंतर तो गोव्यालाही लागू झाला. त्यात कलम १३ मध्ये एक छोटीशी तरतूद आहे, खऱ्याखुऱ्या पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीला परवाना देण्याची. स्विंडनच्या क्लबात आणि सत्तरी-सांग्याच्या कुळागरात जर काही समान असेल, तर ते हेच. दोन्हीकडच्या कायद्यानं ठासणीच्या हत्याराकडे जरा सौम्य नजरेनं पाहिलं.

अशा बंदुकांच्या नूतनीकरणाच्या फायली माझ्या टेबलावरून जात असत. एकदा सत्तरीतले एक वयस्क बागायतदार फायलीसाठी आले होते. ओळखपत्राची झेरॉक्स येईपर्यंत मी सहज विचारलं, "काका, बार मोजता कसा?" त्यांनी हातानंच दाखवलं. "बाबांनी बांबूच्या पेराचं माप केलं होतं. तेवढीच दारू. मापाबाहेर घातली की बाबा माप हातातून काढून घ्यायचे, आठवडाभर द्यायचे नाहीत." मला एकदम भावाच्या त्या नळ्या आठवल्या. जागतिक स्पर्धेचा नियम आणि सत्तरीतल्या बापाचा नियम एकच! "आता मुलगा घालतो का बार?" मी विचारलं. ते हसले. "तो वेर्ण्याला कंपनीत. त्याला बंदूक नको, पण परवाना बंद करू नका म्हणतो."

मला या वाक्यानं विचारात पाडलं. अर्जात नळीची लांबी लिहायला रकाना आहे, क्रमांक लिहायला आहे, वारसाचं नाव लिहायला आहे. बार कसा ठासतात, माप काय, तोंडात कसला बोळा कोंबतात, पावसात दारू कोरडी कशी ठेवतात, यासाठी रकाना नाही. परवान्याचं नूतनीकरण होतं, हाताचं होत नाही. इंग्लंडात हीच विद्या शिकवायला क्लब आहे, पुस्तकं आहेत, तीन महिन्यांची उमेदवारी आहे. आमच्याकडे ती बापाकडून मुलाकडे येत होती आणि आता त्या वाटेवर कुणी नाही. अडीच-तीनशे वर्षांचं ज्ञान एका पिढीत जाईल आणि आपल्याला कळणारही नाही.

वाचकहो, याचा अर्थ माळ्यावरची बंदूक काढून बार ठासून पाहा असा मुळीच नाही. उलट एक कळकळीची विनंती. जुन्या ठासणीच्या बंदुका पुष्कळदा भरलेल्याच सापडतात. आजोबांनी डुकरासाठी ठासला, डुक्कर आलं नाही, आणि बार तसाच राहिला. दारू कोरडी राहिली तर तीस-चाळीस वर्षांनीही ती उडू शकते. तेव्हा नळीत डोकावू नका, चापाला हात लावू नका, जाणकाराला आणि पोलिसांना कळवा. पण आजोबा हयात असतील तर त्यांच्याजवळ बसा, आणि ते कसा बार घालत ते वहीत उतरून घ्या. बंदूक नसली तरी चालेल, वही हवी.

जाता जाता एका रिव्हॉल्वरची गोष्ट. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात रॉजर्स अँड स्पेन्सर नावाचा कारखाना होता. यादवी युद्धासाठी सरकारनं त्यांच्याकडून ५००० रिव्हॉल्वरं मागवली. माल पोचला १८६५ मध्ये, आणि तोवर युद्धच संपत आलं होतं. रिव्हॉल्वरं कोठारात पडली, ती १९०१ मध्ये मोडीच्या भावानं विकली जाईपर्यंत. ना कुणाच्या कमरेला लागली, ना कुणावर रोखली गेली. न वापरल्यामुळे कोरी राहिली, आणि सांगाडा भक्कम, नेम उत्तम. आज काळ्या दारूच्या नेमबाजांमध्ये हीच रिव्हॉल्वरं फार आवडीची मानली जातात आणि त्यांच्या प्रतिकृतीही निघतात. युद्धाला उशिरा पोचलेलं हत्यार आता रव्यावर गोळी ठेवून कागदाला भोकं पाडतं आहे. हत्याराला याहून बरं म्हातारपण ते कोणतं?